‘व्यक्ती’ या शब्दाचा खटला : बॅरिस्टर क्रिस्टल मॅकमिलन

मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. आखाड्यातला मल्ल असो वा न्यायासनावरील न्यायमूर्ती असो, व्याकरणाच्या नियमाने त्याला ‘ती व्यक्ती’ असेच म्हणावे लागते. इंग्रजीतील ‘पर्सन’ या शब्दाला असे लिंग नाही. तो पुरुषाला लागतो तसाच स्त्रीलाही लागतो. निदान शब्दकोशात तरी तसे आहे. परंतु शब्दकोशातील अर्थ न्यायालयात टिकतोच असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील न्यायाधीशांनी एकामागून एक निकाल देऊन असे ठरविले, की कायद्याच्या कलमात ‘व्यक्ती’ असे स्वच्छ लिहिलेले असले तरी त्यात स्त्रियांचा समावेश होत नाही. या एका शब्दासाठी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे स्वतः उभी राहिलेली स्त्री म्हणजे स्कॉटलंडची क्रिस्टल मॅकमिलन. पुढे ती बॅरिस्टर झाली आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पार्लमेंटच्या निवडणुकीला उमेदवार म्हणूनही उभी राहिली. खटला ती हरली आणि निवडणूकही हरली. तथापि तिचे चरित्र जाणून घेण्याजोगे आहे, ते या दोन पराभवांच्या मागेपुढे तिने जे काम केले त्यासाठी.

जेसी क्रिस्टल मॅकमिलन यांचा जन्म १३ जून १८७२ रोजी एडिंबरो येथे झाला. वडील चहाचे सधन व्यापारी होते. आठ भाऊ आणि ही एकटीच बहीण. आठ भावांच्या घरात वाढलेल्या मुलीला वादविवादाची भीती वाटेनाशी झाली असली, तर त्यात नवल नाही. सेंट अँड्रूज येथील सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत तिचे शिक्षण झाले आणि १८९२ साली, स्कॉटलंडच्या विद्यापीठांनी स्त्रियांना दारे उघडली त्याच वर्षी, तिने एडिंबरो विद्यापीठात नाव घातले. तेथे गणिताचे प्राध्यापक होते जॉर्ज क्रिस्टल. विद्यार्थिनीचे मधले नाव आणि गुरूचे आडनाव एकच, हा निव्वळ योगायोग. १८९६ साली गणित व पदार्थविज्ञान या विषयांत पहिल्या वर्गाच्या सन्मानासह ती बी. एस्‌सी. झाली. एडिंबरो विद्यापीठाची विज्ञान शाखेतील ती पहिली स्त्री पदवीधर होय. १९०० साली तत्त्वज्ञान घेऊन तिने एम. ए. ही पदवीही मिळविली. गणिताने तिला एक सवय लावलेली दिसते. गृहीत कोणते आणि सिद्ध काय केले, हे प्रत्येक पायरीवर वेगळे करून पाहण्याची ती सवय पुढे आयुष्यभर टिकली.

आता खटल्याकडे वळू. त्यासाठी एक जुनी व्यवस्था समजून घेतली पाहिजे. त्या काळी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये काही जागा विद्यापीठांसाठी राखलेल्या असत. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात विधान परिषदेसाठी पदवीधर मतदारसंघ असतात, ते ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही कल्पना चटकन येईल. एडिंबरो आणि सेंट अँड्रूज या दोन विद्यापीठांचे पदवीधर मिळून एक सभासद निवडून देत. मतदानासाठी कोठे जावे लागत नसे. मतपत्रिका टपालाने घरी येई. या मताधिकाराचे मूळ १८६८ च्या स्कॉटलंडच्या कायद्यात होते. त्या कायद्यात शहरांतील व परगण्यांतील मतदाराचे वर्णन करताना ‘प्रत्येक पुरुष’ असे शब्द होते. विद्यापीठाच्या मतदाराचे वर्णन करताना मात्र ‘प्रत्येक व्यक्ती’ असे होते. जी व्यक्ती विद्यापीठाच्या पदवीधरसभेच्या नोंदवहीत आहे, सज्ञान आहे आणि कायद्याने अपात्र ठरलेली नाही, तिला मत. १८६८ साली पदवीधर स्त्री अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे हा शब्दभेद कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. पंचवीस वर्षांनी स्त्रिया पदवीधर होऊ लागल्या, त्यांची नावे रीतसर नोंदवहीत चढली आणि प्रश्न आपोआप उभा राहिला.

१९०६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काही पदवीधर स्त्रियांनी मतपत्रिका मागितल्या. विद्यापीठांनी नकार दिला. तेव्हा मार्गारेट नेअर्न, फ्रान्सिस सिम्सन, मॅकमिलनबाई आणि त्यांच्या सहकारिणी यांनी विद्यापीठांवर दावा लावला. पदवीधर स्त्रियांची एक समिती स्थापन झाली आणि तिच्या चिटणीसपदाची धुरा मॅकमिलनबाईंनी उचलली. स्कॉटलंडच्या न्यायालयात प्रथम एका न्यायाधीशाने आणि नंतर वरिष्ठ पीठाने निकाल विरुद्ध दिला. शेवटची पायरी लंडनला, हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे. त्या काळी स्त्रीला वकिलीची सनद मिळतच नव्हती. परंतु पक्षकाराला स्वतःची बाजू स्वतः मांडण्याची मुभा असते. त्यासाठी सनद लागत नाही. या मुभेचा आधार घेऊन नोव्हेंबर १९०८ मध्ये सिम्सनबाई आणि मॅकमिलनबाई लॉर्ड चान्सेलर लोरबर्न आणि त्यांच्या सहकारी न्यायाधीशांपुढे उभ्या राहिल्या. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये स्त्रीने युक्तिवाद करण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो. वृत्तपत्रांनी मॅकमिलनबाईंना ‘स्कॉटलंडची पोर्शिया’ असे नाव दिले. उपमा गोड आहे, पण पुरती जुळत नाही. शेक्सपिअरच्या पोर्शियाला न्यायालयात शिरण्यासाठी पुरुषाचा वेष घ्यावा लागला होता.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. एकाच कायद्यात एके ठिकाणी ‘पुरुष’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘व्यक्ती’ असे दोन निरनिराळे शब्द कायदेमंडळाने वापरले असतील, तर त्यांचे अर्थही निरनिराळे असले पाहिजेत. नोंदवहीत आमची नावे आहेत, आम्ही सज्ञान आहोत आणि आम्हाला अपात्र ठरविणारे एकही कलम दाखविता येत नाही. मग अडचण कोणती?

डिसेंबरमध्ये निकाल लागला. न्यायाधीशांचे म्हणणे थोडक्यात असे होते : शतकानुशतके पार्लमेंटच्या निवडणुकीत स्त्रियांनी मत दिलेले नाही, ही वहिवाट इतकी दृढ आहे, की स्त्री असणे हीच कायद्यातील अपात्रता होय, आणि एवढा मोठा राज्यघटनात्मक बदल पार्लमेंटला करावयाचा असता, तर तो संदिग्ध शब्दांच्या आडून केला गेला नसता. अपील फेटाळले गेले.

हा निकाल आज वाचताना त्यातील तर्काची वाट वर्तुळाकार दिसते. स्त्रियांना मत का नाही? पूर्वी कधी नव्हते म्हणून. पूर्वी का नव्हते? त्या अपात्र होत्या म्हणून. अपात्र कशावरून? मत नव्हते यावरून. गणिताच्या पदवीधर विदुषीला हे वर्तुळ दिसले नसेल असे कोण म्हणेल? न्यायाधीशांच्या बाजूनेही एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १८६८ च्या पार्लमेंटच्या मनात स्त्री पदवीधर नव्हत्या, हे ऐतिहासिक सत्य होते. वाद होता तो असा, की कायदा करणाऱ्याच्या मनात काय होते ते पाहावयाचे की त्याने लिहिले काय ते पाहावयाचे.

यापूर्वी १८६८ सालीच इंग्लंडमध्ये असाच एक प्रयत्न झाला होता. मँचेस्टरच्या हजारो स्त्रियांनी मतदारयादीत नाव मागितले होते. कायद्यात पुल्लिंगी शब्द असला तरी त्यात स्त्रीलिंगाचा समावेश समजावा, असा पार्लमेंटचा १८५० चा स्वतंत्र कायदा त्यांच्या बाजूला होता. तरीही न्यायालयाने ‘पुरुष’ म्हणजे पुरुषच, असा निर्णय दिला. म्हणजे शब्द ‘पुरुष’ असला तर त्यात स्त्री येत नाही आणि शब्द ‘व्यक्ती’ असला तरी येत नाही! कर भरावयाचा असो वा गुन्ह्याची शिक्षा भोगावयाची असो, तेव्हा मात्र याच शब्दांत स्त्री बिनबोभाट सामावली जात असे.

हा तर्क मतदानापुरता राहिला नाही. १९०१ साली स्कॉटलंडमध्ये मार्गारेट हॉल या तरुणीला कायदेसल्लागाराच्या परीक्षेस बसू दिले नाही. तेथेही कायद्यातील ‘व्यक्ती’ म्हणजे पुरुष, असे न्यायालयाने सांगितले. १९१३ साली इंग्लंडमध्ये ग्विनेथ बेब यांना सॉलिसिटर होण्याचा मार्ग याच कारणाने बंद झाला. आणि हाच तर्क समुद्र ओलांडून हिंदुस्थानातही आला. १९१६ साली रेजिना गुहा या विदुषीने वकिलीसाठी कलकत्त्यास अर्ज केला, तेव्हा १८७९ च्या वकिलांविषयीच्या कायद्यात ‘व्यक्ती’ हा शब्द असूनही कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो अर्ज नामंजूर केला. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची कथा तर याहून लांबलेली आहे. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्या १८९२ सालीच उत्तीर्ण झाल्या होत्या. पण पदवी हाती पडण्यास तीस वर्षे जावी लागली. स्त्रियांना वकिलीस मज्जाव नाही असे स्पष्ट सांगणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला.

ब्रिटनमध्ये ही कोंडी न्यायालयाने नव्हे, कायदेमंडळाने फोडली. १९१८ च्या कायद्याने तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मत मिळाले; त्यांत विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. मॅकमिलनबाईंचे वय तेव्हा ४५ वर्षांचे होते. १९१९ च्या दुसऱ्या कायद्याने केवळ स्त्री म्हणून कोणताही व्यवसाय नाकारता येणार नाही, असे ठरले. जानेवारी १९२४ मध्ये लंडनच्या मिडल टेंपल या संस्थेने मॅकमिलनबाईंना बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास, १९२३ साली, लिंकन्स इन या संस्थेतून कॉर्नेलिया सोराबजी आणि मुंबई उच्च न्यायालयात पुढे नाव मिळविणाऱ्या मिठन टाटा याही बॅरिस्टर झाल्या, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पंधरा वर्षांपूर्वी ज्या स्त्रीने बिनसनदेने सर्वोच्च न्यायपीठापुढे बाजू मांडली, तिला आता बावन्नाव्या वर्षी कनिष्ठ न्यायालयात काळा झगा घालून उभे राहण्याची परवानगी मिळाली!

मधल्या काळात त्या स्वस्थ नव्हत्या. आंतरराष्ट्रीय स्त्री मताधिकार संघाच्या त्या चिटणीस होत्या. १९१४ साली युद्ध पेटले आणि बेल्जमचे निर्वासित हॉलंडकडे लोटले, तेव्हा फ्लशिंग बंदरात त्यांच्यासाठी अन्नसामग्री घेऊन जाणाऱ्यांत त्या होत्या. एप्रिल १९१५ मध्ये हेग येथे युद्धमान आणि तटस्थ अशा दोन्ही बाजूंच्या देशांतील स्त्रियांची शांतता परिषद भरली. ब्रिटनमधून सुमारे १८० स्त्रिया निघणार होत्या. परंतु उत्तर समुद्रातील वाहतूकच बंद झाल्याने ब्रिटनच्या वतीने अवघ्या तिघी उपस्थित राहू शकल्या. मॅकमिलनबाई त्यांतल्या एक होत. परिषदेचे ठराव घेऊन जे शिष्टमंडळ स्कँडिनेव्हियाच्या आणि रशियाच्या सरकारांना भेटले, त्यातही त्या होत्या. युद्ध थांबले नाही, हे सांगावयास नको.

परंतु युद्धाने त्यांच्यापुढे एक प्रश्न आणून ठेवला आणि तो त्यांच्या आयुष्याचा प्रश्न झाला. तो विवाहित स्त्रीच्या नागरिकत्वाचा होता. १८७० च्या आणि पुढे १९१४ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे परकीयाची पत्नी परकीय समजली जाई. तिची इच्छा विचारण्याचा प्रश्नच नव्हता. लंडनमध्ये जन्मलेली, लंडनबाहेर पाऊल न टाकलेली एखादी स्त्री तेथेच स्थायिक झालेल्या जर्मन माणसाशी लग्न करी, आणि ऑगस्ट १९१४ उजाडताच ती आपल्याच गावात ‘शत्रूदेशाची नागरिक’ ठरे. तिने पोलिसांकडे नाव नोंदवावे, परवान्यावाचून पाच मैलांपलीकडे जाऊ नये. तिचा सख्खा भाऊ ब्रिटिश सैन्यात लढत असला तरी नियम तोच. उलट, एखादी जर्मन तरुणी इंग्रजाशी विवाह करून आली, की ती त्या क्षणापासून ब्रिटिश प्रजाजन!

हा कायदा केवळ ब्रिटनपुरता नव्हता. साम्राज्यातील सर्व मुलखाला तो लागू होता. बेळगाव तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात आणि गोवा पोर्तुगिजांकडे. बेळगावची मुलगी गोव्यातील घरी दिली, की कायद्याच्या अक्षरार्थाने ती ब्रिटिश प्रजाजन राहत नसे. व्यवहारात या गोष्टीकडे कोणाचे लक्ष जाई हा प्रश्न निराळा. हळदीकुंकवाच्या गडबडीत नागरिकत्वाचा विचार कोण करतो? पण कायदा पुस्तकात होता, आणि पुस्तकातला कायदा केव्हा जागा होईल याचा नेम नसतो. जर्मनांच्या इंग्रज बायकांना तो अनुभव आलाच होता.

१९२२ साली अमेरिकेने आपला नियम बदलला. अमेरिकन पुरुषाशी लग्न केल्याने परदेशी स्त्री यापुढे आपोआप अमेरिकन होणार नव्हती. सुधारणा चांगली, पण तिचा विलक्षण परिणाम ब्रिटिश स्त्रियांना भोगावा लागला. अमेरिकन वर पत्करला की ब्रिटिश कायदा म्हणे, तू आमची नव्हेस. अमेरिकन कायदा म्हणे, तू अजून आमची नव्हेस. अशी स्त्री कोणत्याच देशाची राहत नसे, आणि पारपत्र मागावयाचे तर कोणाकडे मागणार? मॅकमिलनबाईंनी हा पेच बॅरिस्टरच्या नजरेने पाहिला. पुरुष लग्न करतो तेव्हा त्याचे नागरिकत्व जसेच्या तसे राहते. स्त्रीचेही तसेच राहावे, आणि बदलावयाचे तर तिच्या संमतीने बदलावे, एवढीच त्यांची मागणी होती. १९३० साली आंतरराष्ट्रीय कायद्याच्या संहितेसाठी राष्ट्रसंघाची परिषद हेगला भरली. निरनिराळ्या देशांच्या स्त्रीसंघटनांना एकत्र आणून त्यांचे म्हणणे तेथे मांडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. परिषदेने दिले ते मात्र तुटपुंजे. पतीच्या देशाचे नागरिकत्व मिळत नसेल, तर पत्नीचे पहिले नागरिकत्व काढून घेऊ नये, इतकीच सवलत तिने मान्य केली. ब्रिटनने १९३३ च्या कायद्याने तेवढेच स्वीकारले. कोणत्याच देशाची न राहण्याचे संकट टळले. पण स्त्रीच्या संमतीला किंमत आली नाही. याच खटपटीसाठी मॅकमिलनबाईंनी एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन केली होती. तिचे काम चालूच राहिले.

त्यांच्या सर्वच मतांना मान डोलवावी असे नाही. १९२६ साली त्यांनी काही सहकारिणींसह ‘ओपन डोअर कौन्सिल’ ही संस्था स्थापन केली. स्त्री कामगारांना रात्रपाळीस किंवा धोक्याच्या कामास मनाई करणारे कायदे रद्द व्हावेत, असे या संस्थेचे म्हणणे होते. काम धोक्याचे असेल तर ते पुरुषालाही धोक्याचे आहे. तेव्हा संरक्षण द्यावयाचे तर कामाचे स्वरूप पाहून सर्वांना द्यावे, केवळ स्त्रीला संरक्षणाच्या नावाखाली चांगल्या मजुरीपासून दूर ठेवू नये, असा हा विचार. तर्क बिनतोड आहे. परंतु दिवसभर यंत्रापुढे उभे राहून घरी पुन्हा चूल पेटविणाऱ्या बाईला रात्रपाळीची बंदी हा अन्याय वाटत होता की सुटका, हे व्याख्यानपीठावरून ठरविणे कठीण. मजूरपक्षातील अनेक स्त्रियांनी त्यांना याच मुद्द्यावर विरोध केला, आणि त्यांच्या विरोधात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. स्वतः मॅकमिलनबाई मात्र तडजोडीस तयार झाल्या नाहीत. कायद्याने स्त्रीला एकदा वेगळे काढले, मग ते कृपेने का असेना, की तेच वेगळेपण उद्या तिच्याविरुद्ध वापरले जाते, हे ‘व्यक्ती’ शब्दाच्या खटल्यापासून त्या शिकल्या होत्या.

नोव्हेंबर १९३५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उदारमतवादी पक्षाने त्यांना उत्तर एडिंबरो मतदारसंघातून उभे केले. वय ६३. पक्षाची अवस्था बिकट होती. ज्या पक्षाने १९०६ साली देश पादाक्रांत केला होता, त्याला या निवडणुकीत अवघ्या वीस-एकवीस जागा मिळाल्या. जागा हुजूरपक्षाकडे गेली आणि मॅकमिलनबाई पराभूत झाल्या. साऱ्या ब्रिटनमधून त्या वर्षी फक्त ९ स्त्रिया निवडून आल्या. तरीही ज्या एडिंबरोत त्यांना टपालाची एक मतपत्रिका नाकारली गेली होती, त्याच एडिंबरोत एकोणतीस वर्षांनी हजारो मतपत्रिकांवर त्यांचे नाव उमेदवार म्हणून छापले गेले.

दरम्यान ‘व्यक्ती’ या शब्दाचा निकालही फिरला होता. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील पाच स्त्रियांनी विचारले, की वरिष्ठ सभागृहावर नेमावयाच्या ‘पात्र व्यक्तीं’त स्त्रिया येतात की नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८ साली ‘नाही’ म्हटले. ऑक्टोबर १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. लॉर्ड चान्सेलर सँकी यांनी सांगितले, की स्त्रियांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवणे हा अधिक रानटी काळाचा अवशेष आहे, आणि ‘व्यक्ती’त स्त्री का धरावी असे विचारणाऱ्याने आधी ती का धरू नये ते सांगावे. १९०८ साली मॅकमिलनबाईंनी जेथे सिद्धतेचा भार ठेवू पाहिला होता, नेमका तेथेच तो आता ठेवला गेला.

१९३७ च्या जून महिन्यात त्यांचा एक पाय कापावा लागला. २१ सप्टेंबर १९३७ रोजी एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या. म्हणजे ज्या कायद्यासाठी त्या वीस वर्षे झगडल्या, त्याचा जाच त्यांना स्वतःला कधीच होणार नव्हता. परकीयाशी विवाह केला म्हणून ब्रिटिश स्त्रीचे नागरिकत्व जाणार नाही, असे सांगणारा कायदा १९४८ साली संमत झाला आणि १ जानेवारी १९४९ पासून अमलात आला. विद्यापीठांच्या जागा रद्द करणारा कायदाही १९४८ चाच. एडिंबरो विद्यापीठाच्या जॉर्ज स्क्वेअर या चौकात सामाजिक शास्त्रे व राज्यशास्त्र शिकविली जातात, त्या इमारतीला आज क्रिस्टल मॅकमिलन यांचे नाव आहे. दाव्यात प्रतिवादी असलेल्या दोन विद्यापीठांपैकीच हे एक.